सहाव्या मजल्यावर स्वर्ग, तळघरात नरक

मजले २३. किंमत १,६०१ कोटी रुपये. ठिकाण नरिमन पॉइंट, खिडकीतून अरबी समुद्र. गिऱ्हाईक: महाराष्ट्र शासन.

मुंबईतली एअर इंडियाची इमारत घ्यायची, असं राज्य मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरवलं आणि मार्च २०२४ मध्ये केंद्रानेही मान डोलावली. भागाकार केला तर एक मजला सत्तर कोटींच्या घरात पडतो. छत्रपती संभाजीनगरात बसून हा आकडा पचत नसेल तर आपल्या मापाने मोजू. बीबी-का-मकबऱ्याला ६,६८,२०३ रुपये ७ आणे खर्च आल्याची जुनी नोंद आहे. साडेतीनशे वर्षांची महागाई बाजूला ठेवून नुसते रुपयाला रुपये लावले, तर एअर इंडियाच्या एका मजल्यात हजारावर मकबरे बसतात. वरचे सात आणे माफ.

सौदाही साधासुधा नव्हता. आधीच्या फेरीत एलआयसीने १,२०० कोटी, जवाहरलाल नेहरू पोर्ट ट्रस्टने १,३७५ कोटी आणि राज्य सरकारने १,४०० कोटी लावले होते. ते भिजत घोंगडं शेवटी १,६०१ वर आलं. गंमत अशी, की इमारतीखालची जमीन मुळात राज्य सरकारचीच, भाडेपट्ट्याने दिलेली. त्या जमिनीपोटी येणं असलेले जवळपास २९८ कोटी सरकारने व्यवहारात सोडून दिले. आपल्याच जमिनीवरचं घर पैसे मोजून घेतलं आणि वर जुनी थकबाकीही माफ केली! गुलमंडीवर असा सौदा कुणी केला असता तर आठवडाभर चहाला विषय पुरला असता.

आपला संबंध काय, तर फायलींचा. रात्री देवगिरी एक्स्प्रेस पकडायची, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, वडापाव खाऊन मंत्रालयाच्या रांगेत उभं राहायचं, हा मराठवाड्याचा जुना शिरस्ता. २०१२च्या आगीनंतर मंत्रालयातली बरीच दालनं दक्षिण मुंबईभर विखुरली. ती एका छताखाली आणण्यासाठी मंत्रालयापासून चालत जाण्याच्या अंतरावरची ही इमारत सरकारला हवी होती. तेव्हा आज ना उद्या तिथल्या लिफ्टमध्ये आपली गाठ पडणारच. जाण्याआधी थोडी माहिती असलेली बरी.

ज्याने विरोध केला, त्याचंच नाव

पायाखालच्या जमिनीपासून सुरुवात करू. नरिमन पॉइंट म्हणजे समुद्रात भराव घालून काढलेली जागा. १९२०च्या दशकात बॅकबे भरावाचं काम गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात जोरात सुरू झालं आणि तितक्याच जोरात फसलं. खर्च फुगत गेला, जमीन काही वर येईना. या कामातला गैरव्यवहार चव्हाट्यावर आणला तो बॅरिस्टर खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी. हार्वे नावाच्या इंजिनिअर साहेबाने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. नरिमन निर्दोष सुटले. पुढे भराव झाला, टोलेजंग कचेऱ्या उभ्या राहिल्या आणि त्या अख्ख्या टोकाला नाव कुणाचं, तर भरावातली लबाडी खणून काढणाऱ्या नरिमन यांचं. मुंबईला विनोदबुद्धी नाही असं कोण म्हणतो?

छतावर धनुर्धर, भिंतीवर चित्रं

इमारत १९७४ची. वास्तुविशारद न्यूयॉर्कचे जॉन बर्गी, फिलिप जॉन्सन यांचे भागीदार. माथ्यावर एअर इंडियाचं जुनं चिन्ह, अर्धा घोडा आणि अर्धा धनुर्धर. मरीन ड्राइव्हवर फिरायला गेलेल्या गावाकडच्या पाहुण्यांना दाखवायची ही ठरलेली खूण. विमान कंपनीने २०१३ मध्ये मुख्यालय दिल्लीला हलवलं तरी मुंबईकरांच्या तोंडी नाव एअर इंडियाचंच राहिलं. आता सरकारी पाटी लागेल. तरी टॅक्सीवाल्याला सांगताना काय म्हणाल, ते आताच सांगून ठेवतो: ‘एअर इंडिया बिल्डिंग’.

मला मात्र या इमारतीतला सगळ्यात आवडता ऐवज तिच्या सिमेंट-काँक्रीटचा नाही, भिंतीवरचा आहे. एअर इंडियाने १९५६ मध्ये चित्रं घ्यायला सुरुवात केली. पहिली सहा चित्रं बी. प्रभा यांची. त्या नागपूरजवळच्या बेल्याच्या, तेव्हा मुंबईत नाव कमावू पाहणाऱ्या तरुण चित्रकार. दर चित्राला साडेसत्याऐंशी रुपये. सहा चित्रांचे झाले ५२५. आजच्या लिलावात बी. प्रभांचं एक चित्र कितीला जातं ते पाहिलं, की त्या वेळच्या खरेदी अधिकाऱ्याचे पाय धरावेसे वाटतात. पुढे हुसेन आले, गायतोंडे आले, हजारो वस्तूंचा संग्रह झाला. विमानाची तिकिटं विकणाऱ्या कंपनीच्या कचेरीत देशातल्या उत्तम चित्रसंग्रहांपैकी एक नांदत होता.

आता कचेरी म्हटली की वस्तू ‘इकडच्या तिकडे’ होतातच. चित्रकार जतिन दास यांना २०१७ मध्ये आपलं एक चित्र बाजारात विक्रीला आल्याचं कळलं. ते होतं एअर इंडियाने घेतलेलं ‘फ्लाइंग अप्सरा’. बोभाटा झाला आणि कंपनीतल्याच एका माजी अधिकाऱ्याकडून ते चित्र चक्क कुरिअरने परत आलं. उडती अप्सरा विमानाने न येता कुरिअरने आली! २०२३ मध्ये हा सगळा संग्रह दिल्लीच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टकडे सोपवण्याचा करार झाला. म्हणजे सरकारला भिंती मिळाल्या, चित्रं नाही.

आणि तो हत्ती! १९६७ मध्ये एअर इंडियाने स्पेनचा विक्षिप्त चित्रकार साल्वादोर दाली याच्याकडून एक रक्षापात्र करून घेतलं, मोजक्या बड्या प्रवाशांना भेट द्यायला. दालीने अशी करामत केली, की पात्राला आधार देणारा हंस उलटा धरला की हत्तीचं डोकं दिसावं आणि हत्ती उलटा केला की हंस. मोबदला काय हवा विचारलं तर स्वारी म्हणाली, हत्तीचं पिल्लू. एअर इंडियाने बंगळूरूहून खरोखरच एक पिल्लू माहुतासकट विमानाने जिनिव्हापर्यंत आणि तिथून ट्रकने स्पेनमधल्या कादाकेस गावी धाडलं. दालीला म्हणे हत्तीवर बसून आल्प्स ओलांडायचा होता. ते काही जमलं नाही. पिल्लू अखेर वालेन्सियाच्या प्राणिसंग्रहालयात गेलं. आज सरकारी खात्यात एवढी खरेदी करायची झाली तर ‘हत्ती (लहान), नग १’ असं टिपण किती टेबलांवरून फिरेल, याची कल्पना करून बघा.

सहावा मजला

महाराष्ट्रात ‘सहावा मजला’ एवढं म्हटलं तरी पुरतं. मंत्रालय सगळं मिळून सातच मजल्यांचं, म्हणजे शेजारच्या टॉवरांपुढे बुटकं. पण मुख्यमंत्र्यांचं दालन सहाव्यावर, म्हणून राज्यातली सगळ्यात उंच जागा तीच. इमारत १९५५ची, तेव्हा नाव सचिवालय. १९७५ मध्ये ते बदलून मंत्रालय केलं मुख्यमंत्री शंकरराव चव्हाणांनी. चव्हाण आपल्या पैठणात जन्मलेले, जायकवाडीमागचा माणूस. सचिवांपेक्षा मंत्री मोठा, हे त्यांनी पाटीवरच लिहून टाकलं. प्रत्यक्षात कुणाची सही शेवटची असते, हे रांगेतल्या कुणालाही विचारा.

२१ जून २०१२ला चौथ्या मजल्यावर लागलेली आग वर चढत सहाव्यापर्यंत पोचली. पाच जणांचे जीव गेले आणि फायली किती गेल्या याची चर्चा वर्षभर चालली. २०१८ मध्ये मधल्या मोकळ्या चौकात जाळी बांधली गेली. कारण दुःखद होतं, कामं होत नाहीत म्हणून हताश झालेली माणसं तिथे जिवावर उदार होत होती. पुढे हीच जाळी आंदोलनाची जागा झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि काही आदिवासी आमदारांनी स्वतःच त्या जाळीवर उड्या घेतल्या. उपाध्यक्षांनी मुख्यालयाच्या जाळीत उडी मारून सरकारचं लक्ष वेधावं, हे दृश्य दुसरीकडे कुठे बघायला मिळणार?

नरक खाली, स्वर्ग वर, मध्ये लिफ्ट

कचेरीचे मजले म्हणजे चढती भाजणी, हे आपल्याला अनुभवाने माहीत. अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्समध्ये एका शेठजींनी ते थेट नकाशातच काढून घेतलं. लुइस बारोलो हा इटलीहून आलेला कापड गिरण्यांचा मालक. त्याने मारिओ पालांती या वास्तुविशारदाकडून १९१९ ते १९२३ या काळात भाड्याने द्यायच्या कचेऱ्यांची इमारत बांधून घेतली. तिचं नाव पालासिओ बारोलो. हिची रचना दांते या इटालियन महाकवीच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’वर बेतलेली आहे असं मानतात. काव्यात शंभर सर्ग, म्हणून उंची शंभर मीटर. तळघर आणि तळमजला हा नरक, पहिल्यापासून चौदाव्यापर्यंत शुद्धीचा डोंगर, पंधराव्यापासून बाविसाव्यापर्यंत स्वर्ग. सगळ्यात वर दीपगृह.

भाडं देऊन नरकात कोण बसत असेल? तळमजल्यावर दुकानं असतात, आणि दुकानदाराला रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाशी मतलब. निराला बाजारातला गाळेवालाही हेच सांगेल: वरचा मजला पुण्याचा, खालचा धंद्याचा.

बारोलो स्वतः इमारत पुरी होण्याआधीच, १९२२ मध्ये वारला. स्वर्गाच्या मजल्यावर जायला त्याला लिफ्ट लागली नाही. शहराच्या उंचीच्या नियमात ही इमारत बसत नव्हती, त्यासाठी खास परवानगी काढावी लागली, आणि पुढची काही वर्षं दक्षिण अमेरिकेत तिच्याहून उंच काही नव्हतं. दीपगृहाचा पहिला मोठा उपयोग ठरला तो मुष्टियुद्धासाठी: सप्टेंबर १९२३ मध्ये न्यूयॉर्कला अर्जेंटिनाचा फिर्पो आणि अमेरिकेचा डेम्प्सी भिडणार होते, निकाल वरच्या रंगीत दिव्याने शहराला कळायचा होता. फिर्पोने डेम्प्सीला दोऱ्यांच्या बाहेर भिरकावलं, पण दुसऱ्या फेरीत स्वतःच आडवा झाला. आणखी एक योगायोग बघा. जूनच्या सुरुवातीच्या रात्री या मनोऱ्याच्या बरोबर माथ्यावर जो तारकासमूह येतो, तो आपण त्रिशंकू म्हणून ओळखतो. ज्याला स्वर्गातही घेतलं नाही आणि पृथ्वीवरही उतरू दिलं नाही, तोच! टेबलाटेबलांत अडकलेल्या फायलींचं हे आराध्यदैवत व्हायला हरकत नाही.

शेजारच्या ब्राझीलमध्ये साओ पाउलोचा मार्तिनेली याची तऱ्हा आणखी न्यारी. बारा मजले बांधायला निघाला आणि थांबायचं नावच घेईना. वाढवत वाढवत तीस केले. लोक म्हणू लागले, पडणार हे धूड. नगरपालिकेने काम अडवलं. तेव्हा या गृहस्थाने सगळ्यात वर स्वतःसाठी बंगला बांधला आणि कुटुंबकबिल्यासह तिथे राहायला गेला. बिल्डरने आपल्याच इमारतीच्या माथ्यावर राहून दाखवावं, हा नियम आपल्याकडे कुणी सुचवेल काय?

वडाच्या सावलीतून टॉवरात

पुन्हा मुंबई. दलाल स्ट्रीटवरचा फिरोज जीजीभॉय टॉवर, म्हणजे शेअर बाजाराची इमारत. उंची ११८ मीटर, २९ मजले. ज्यांचं नाव दिलं ते फिरोज जीजीभॉय १९६६ पासून १९८० मध्ये वारले तोवर बाजाराचे अध्यक्ष होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शेअरचे दलाल टाउन हॉलसमोर वडाखाली उभे राहून सौदे करत. झाडाखालून टॉवरात पोचायला सव्वाशे वर्षं लागली आणि टॉवर झाल्यावर पंधरा वर्षांत संगणक आला. १९९५ पासून व्यवहार पडद्यावर गेले, हातवारे आणि आरडाओरडा बंद. एवढ्या उंच इमारतीतला सगळ्यात गजबजलेला भाग जमिनीलगत होता, तोच मुका झाला.

१२ मार्च १९९३च्या साखळी स्फोटांत हा टॉवर आणि एअर इंडियाची इमारत, दोन्ही लक्ष्य होते. माणसं गेली, इमारती उभ्या राहिल्या.

नरिमन पॉइंटवर एअर इंडियाला खेटून एक्स्प्रेस टॉवर्स आहे. वास्तुविशारद जोसेफ अ‍ॅलन स्टाइन, मजले २५. दोघांत दोन मजल्यांचाच काय तो फरक, त्यामुळे फोटोत ही जोडगोळी एकदमच येते.

लिफ्टमधली ती पाटी

एवढे मजले चढायला लिफ्ट हवी, आणि लिफ्टवर विश्वास बसायला एलिशा ओटिसने १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात स्वतः वर उभं राहून दोर कापायला लावला. पाळणा जागच्या जागी अडकला, टाळ्या पडल्या. भारतात पहिली लिफ्ट त्याच्याच कंपनीने १८९२ मध्ये कोलकात्याच्या राजभवनात बसवली. महाराष्ट्रातल्या जुन्या लिफ्टमध्ये ‘मुंबई लिफ्ट अधिनियम, १९३९’चा उल्लेख असलेली पाटी तुम्ही वर जाता जाता शंभरदा वाचली असेल, कारण लिफ्टमध्ये समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं नसतं. २०१७ मध्ये नवा कायदा आला आणि त्यात सरकते जिनेही आले.

आणि आपण?

संभाजीनगरात कचेऱ्यांचे गगनचुंबी टॉवर का नाहीत, याची कारणं नुसती पैशाची नाहीत. चिकलठाण्याला विमानतळ, त्यामुळे आसपास उंच बांधायचं तर विमानतळ प्राधिकरणाचं ना-हरकत लागतं. शिवाय गाव संरक्षित स्मारकांचं. राष्ट्रीय स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, पुढचे दोनशे मीटर परवानगीने. मकबऱ्याच्या मागे काचेचा मनोरा दिसत नाही, याबद्दल मी तरी त्या कायद्याचा ऋणी आहे.

आपली मिरवायची नवी कचेरी शेंद्र्याला आहे: ऑरिक हॉल. औद्योगिक नगरीचं हे मुख्यालय ७ सप्टेंबर २०१९ला पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झालं. आराखडा मुंबईच्या आयएमके आर्किटेक्ट्सचा. उंचीचा सोस नाही. दर्शनी भागाला जाळी आहे, मकबऱ्यातल्या संगमरवरी जाळीची दूरची नात शोभावी अशी. आतला उजेड सौम्य राहतो आणि ऊनही अडतं. मे महिन्यात शेंद्र्याच्या माळावर उभं राहिलेल्या माणसाला या शहाणपणाची किंमत कळते. नरिमन पॉइंटला समुद्राचा वारा आहे, आपल्याला जाळीच हवी.

पण उंचीचाच प्रश्न असेल तर मान खाली घालायचं कारण नाही. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे १५ मीटर किंवा त्याहून उंच ती बहुमजली. वेरूळचं कैलास लेणं तीस मीटरच्या आसपास भरतं. म्हणजे राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या आठव्या शतकातल्या या बांधकामाला आजच्या नियमाने अग्निशमन दलाचा दाखला लागला असता. बांधकाम तरी कसं म्हणायचं? एक दगड दुसऱ्यावर ठेवलेला नाही. डोंगर वरून खाली कोरत आणला, दीड-दोन लाख टन दगड काढून टाकला. आज मोठ्या शहरांत मेट्रोची स्थानकं आणि खोल तळघरं ‘टॉप-डाऊन’ पद्धतीने करतात तेव्हा इंजिनिअर मंडळी नव्या तंत्राची कौतुकं सांगतात. कोकस ऐकला तर हसेल.

कोकस कोण? ‘कथाकल्पतरू’ या जुन्या मराठी ग्रंथातली कथा आहे. एल राजाला दुर्धर रोग जडला. म्हैसमाळच्या पाण्याने तो बरा झाला. राणीने नवस केला होता, शंकराचं देऊळ बांधीन आणि कळस दिसेपर्यंत अन्नाला शिवणार नाही. कारागिरांनी हात टेकले. पायापासून कळसापर्यंत जायचं तर वर्षं लागतील, राणी उपाशी मरेल. तेव्हा पैठणहून कोकस आला आणि म्हणाला, आठवड्यात कळस दाखवतो. त्याने कळसापासूनच सुरुवात केली. राणी जेवली, काम पुढे निवांत चाललं. ठेकेदाराने आधी दर्शनी भाग करून साहेबांचं समाधान करायचं आणि उरलेलं सावकाश उरकायचं, ही प्रथा इतकी जुनी असेल असं वाटलं नव्हतं.

त्याच डोंगरात अकरावं आणि बारावं लेणं शेजारी शेजारी आहेत. दोन्ही बौद्ध भिक्षूंचे बहुमजली विहार, राहायच्या खोल्यांसह. बारावं तीन ताल, कारण मजले तीन. अकरावं दोन ताल, कारण मजले दोन, असंच लोक पिढ्यान्‌पिढ्या धरून चालले होते. १८७६ मध्ये पुढची माती उपसली आणि खाली गाडला गेलेला आणखी एक मजला निघाला. म्हणजे मजले तीन आणि नाव दोन ताल. दीडशे वर्षं झाली, पाटी कुणी बदललेली नाही. सुट्टीत मुलांना नेऊन स्वतः मोजून बघा. फक्त मंगळवार टाळा, त्या दिवशी वेरूळ बंद असतं.